साडेतेरा तासांचा फरक

साखरखेर्डा
१२ डिसेंबर २०००

इंद्रभानले रंगरावचा रामराम. इकडं माणसं, ढोरं, वांग्याचं वावर, सगळं खुशाल आहे. तू देलेलं कॉम्प्युटर तेवढं खुशाल नाही, म्हणून हे पत्र.

तू म्हणशीन, रंगा, फोन काऊन नाही केला बे. आता फोन बसस्टँडवर अन् मशीन माह्या घरी. तू तिकून सांगशीन का डाव्या कोपऱ्यात पाह्य, तर मी बसस्टँडवर डाव्या कोपऱ्यात काय पाहू, चहाची टपरी? त्यापेक्षा कागदावर लिहून धाड. कागद मशीनच्या बाजूला ठेवतो अन् एक-एक करत जातो.

झालं असं. दिवाळी आटोपली अन् मी मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, पुढं सरकाचं नाव नाही. मेहकरहून एक जाणता माणूस बोलावला. त्यानं आतलं सगळं पुसून टाकलं अन् तीच जुनी ९५ ची विंडोज परत भरली. तुह्या हातचा पत्रिकेचा प्रोग्राम फ्लॉपीवरून परत टाकला, तो चालते. घड्याळ लावून देलं, चहा पेला, गेला.

पण तवापासून असं वाटते का आपण गावाले गेलो अन् मांगं कोणी आपल्या घरातलं सामान हलवून ठेवलं. पडद्यावरची चित्रं वांग्याएवढी झाली. रंग सगळे उडाले, पिवळं म्हणून काही राह्यलंच नाही. सुरू होताना जो गोड आवाज येत होता तो बंद. अन् मराठी अक्षराच्या जागी इंग्रजी कचरा. चौकोन, टिंबं, उलटे स्वल्पविराम. लोकाइले पत्रिका देऊ तर कशी देऊ? सध्या प्रोग्राममधले आकडे पाहून मी हातानं कागदावर उतरवून देऊन राह्यलो. लोक म्हणतात, काका, छापील नाही का. पहिले नुसत्या नावावरून नावरस पाहून लग्नं होत होती गावात, आता तू मशीन धाडल्यापासून सगळ्याइले छापील पत्रिका लागते.

तीन वर्षांपासून सवय झाली मले याची. दुपारी वावरातून आलो, हातपाय धुतले, का मशीनपाशी बसाचं. तुह्या बापापाशी, मोतीराम नानापाशी, बसत होतो तसंच वाटे. नवीन काही नको मले. होती तशी सेटिंग पाहिजे, तेवढं सांग.

तुहा,
रंगा

◆

पुणे
२१ डिसेंबर २०००

रंगा,

तुझं पत्र बँकेत आलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटाच हसत बसलो, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, गावाकडचं का? तीस वर्षं झाली पुण्यात, पण गावाकडचं पत्र वाचणारा माणूस लांबून ओळखू येतो म्हणे.

घाबरू नकोस. काही हरवलेलं नाही. सिस्टीम नव्याने भरली की तिला आपलं काही आठवत नाही. पडदा कुठला, आवाजाचं कार्ड कुठलं, भाषा कुठली, सगळं पुन्हा शिकवावं लागतं. सोबत दोन फ्लॉप्या आहेत, एकीवर लाल खूण, एकीवर निळी.

आधी पडदा. लाल खुणेची फ्लॉपी घाल. पडद्यावर रिकाम्या जागी उंदराचं उजवं बटण दाब, यादीत सगळ्यात खाली ‘प्रॉपर्टीज’ असेल, तिथे जा. ‘सेटिंग्ज’ नावाचं पान उघड. तिथून डिस्प्लेचा प्रकार बदलायचं बटण सापडेल, त्याला सांग की माझ्याकडे फ्लॉपी आहे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईल, तेव्हा ‘मेलं’ म्हणून उठून जाऊ नकोस. मग त्याच पानावर सोळा रंगांचे दोनशे छप्पन्न कर आणि खालची पट्टी थोडी उजवीकडे ओढ. वांग्यांची बोरं होतील. आवाजाचंही त्याच फ्लॉपीवर आहे, या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलंय. निळीवर मराठी अक्षरं आहेत. कंट्रोल पॅनलमध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचा डबा आहे, त्यात ती नेऊन टाकायची.

हे लिहिताना सारखी आमची ओसरी दिसत होती. नाना फरशीवर खडूने बारा घरं काढायचे आणि आपल्याला दाणे देऊन ग्रह मांडायला लावायचे. मंगळ म्हणजे गुंज, शनी म्हणजे उडीद, गुरू म्हणजे हरभरा. तुमची कोंबडी ओसरीवर चढून गुरू खाऊन गेली ते आठवतं? नाना पाठमोरे होते. वळून बघतात तर पत्रिकेत गुरूच नाही. तू म्हणालास, नाना, गुरू अस्ताला गेला. आयुष्यात एवढं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मी पत्रिका मानत नाही, तुला माहीत आहे. तरी तुझ्यासाठी तो प्रोग्राम लिहिला, कारण मशीनपाशी बसून तू नानांचं काम करतोस हे मला इथे बसून बरं वाटतं.

वहिनींना नमस्कार.

इंद्रभान

◆

साखरखेर्डा
९ जानेवारी २००१

इंद्रभान,

गड सर झाला. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी उजवं बटण म्हणजे उंदराचं उजवं का माह्यं उजवं, यातच दुपार गेली. दुसऱ्या दिवशी मशीन बंद झालं तवा मी उठून गेलोच होतो, तुह्या कागदावर पुढची ओळ वाचली अन् परत येऊन बसलो. आता रंग आले, आवाज आला. मराठी अक्षर आलं तवा रुखमाले हाक मारून दाखवलं. ती म्हणे, होतं तसंच तर आहे, यात काय पाहाचं? बायकोले काय सांगावं, होतं तसं होणं केवढं अवघड असते.

एक बारीक काम राह्यलं. छापताना उजव्या बाजूची चौकट कापल्या जाते. तुले समजावं म्हणून नमुन्याले एक छापील पत्रिका यात घालून धाडतो. ही कोकिळेची आहे, आपल्या सत्यभामेच्या पोरीची.

हिच्याबद्दल सांगतो, कारण मन लागून राह्यलं नाही. बीबी गावच्या कारभारीचा पोरगा पंजाबराव, शिकलेला, स्वतःची वाडी. पोरीले पाहून गेले, पसंत पडली. सत्यभामा अन् तिचा नवरा उकंडराव पत्रिका घेऊन माह्याकडं आले. मशीनवर टाकली, तर आठव्या घरात मंगळ, पोराची पत्रिका साफ. मी सांगतलं. दुसरं काय सांगणार? उकंडराव मान खाली घालून बसला. सत्यभामेनं कागदाची घडी केली, तिथंच ठेवली अन् उठली. कागद घेऊन बी गेली नाही. बीबीवाल्याइनं ‘नाही’ म्हणून कळवलं.

यंदा काय झालं कोण जाणे, गावातल्या अर्ध्या पोरी मंगळाच्या निघून राह्यल्या. दिवाळीपासून अकरा पत्रिका केल्या, सात मंगळाच्या.

तुले तर माहीतच आहे. सत्यभामेचं अन् माह्यंही ठरत आलं होतं. सुपारी फुटाची तेवढी बाकी. नानानं दोन्ही पत्रिका पाहिल्या अन् एकनाड निघाली, लग्न जमत नाही म्हणून सांगतलं. घरचे म्हणे, नानाचा शब्द. विषय संपला. छत्तीस वर्षं झाली, तिचं तिकडं बरं झालं, माह्यं इकडं बरं झालं, रुखमासारखी बायको मले सापडली नसती. पण त्या दिवशी तिच्या पोरीचं मी मोडलं, माह्या तोंडानं, अन् मले घास गोड लागला नाही इंद्र्या.

चौकटीचं तेवढं पाह्य.

रंगा

◆

पुणे
१७ जानेवारी २००१

रंगा,

चौकट मरू दे. बसस्टँडच्या बूथवर दोनदा फोन लावला, लागला नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे. मिळाल्या मिळाल्या मशीनपाशी जा.

कोकिळेचा कागद हातात घे, दुसरी प्रत तुझ्याकडे असेल. जन्मवेळ बघ. सूर्योदय. आता पत्रिकेत सूर्य कुठे आहे बघ. सातव्या घरात. रंगा, नाना सगळ्यात आधी काय बघायचे? उगवतीचा जन्म असेल तर सूर्य पहिल्या घरात पाहिजे, मावळतीचा असेल तर सातव्या. ही मुलगी सकाळी जन्मली आणि मशीनने तिला संध्याकाळी जन्माला घातली आहे. आपल्या ओसरीवर कुणी अशी पत्रिका मांडली असती तर नानांनी दाणे उधळून दिले असते. तुला दिसलं नाही, कारण छापील होतं. तुझी चूक नाही. चूक माझी आहे, ती सांगतो.

खाली उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा दाब. जी चौकट उघडेल तिला वर दोन पानं असतील, दुसऱ्या पानाचं नाव ‘टाइम झोन’. त्यात जगाचा नकाशा दिसेल. त्यावर आत्ता काय लिहिलंय ते वाच. मला खात्री आहे ‘पॅसिफिक टाइम’ लिहिलेलं असणार. सिस्टीम नव्याने भरताना हा प्रश्न शेवटी येतो, तुझ्या माणसाने काही न बदलता पुढे ढकलला. घड्याळ मात्र आपल्या वेळेला लावून दिलं. म्हणजे वेळ बरोबर दिसते, पण मशीन स्वतःला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजतं.

एरवी याने काही बिघडलं नसतं. पण माझा प्रोग्राम जन्मवेळ घेतो आणि विंडोजला गुपचूप विचारतो, आपण कुठे आहोत? तिने अमेरिका सांगितली की सगळी गणितं साडेतेरा तासांनी सरकतात. हे मी असं लिहिलं, कारण तुला जास्त टायपिंग नको. एका ओळीत तुला विचारता आलं असतं की ही वेळ कुठली. नाही विचारलं.

नकाशाखालच्या यादीतून ‘बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, न्यू दिल्ली’ निवड. कोकिळेची पत्रिका पुन्हा काढ. माझ्या हिशेबाने मंगळ आठव्यातून दुसऱ्या घरात येतो. म्हणजे दोषच नाही. मग बाकीच्या दहाही काढ.

ज्या आकड्यावर लोक मुलीचं लग्न मोडतात तो आकडा तरी खरा असायला हवा. बीबीला जा, रंगा. उशीर करू नकोस.

इंद्रभान

◆

साखरखेर्डा
२ फेब्रुवारी २००१

इंद्रभान,

पत्र वाचलं अन् पहिले तुह्या नावानं दोन चांगल्या हासडल्या. मंग मेहकरवाल्याच्या नावानं. मंग आरशात पाहून स्वतःच्या नावानं. नानापाशी सहा वर्षं बसलो मी, अन् उगवतीचा सूर्य सातव्या घरात पाहून बी मान हलवली.

तसंच होतं. माह्या घरात, कणगीच्या बाजूला बसून मशीन अमेरिकेत होतं. तू सांगतलं तसं बदललं. अकराही पत्रिका परत काढल्या. सातातली एकच मंगळाची राह्यली.

मंग निघालो घरोघर. इंद्र्या, या वयात अकरा उंबऱ्यावर जाऊन ‘मी चुकलो’ म्हणणं काय असते, तुले पुण्यात नाही समजणार. कोणी हसलं. कोणी म्हणे, काका, म्हातारपण. पुष्पाबाईनं तर दारातूनच सांगतलं का पोरीचं आता वेगळं ठरलं, तुमचे मंगळ तुमच्यापाशी ठेवा. ऐकून घेतलं.

सत्यभामेकडं सगळ्यात शेवटी गेलो. पाय उचलेना म्हणून. उकंडराव वावरात होता. तिनं सगळं ऐकलं, अमेरिका, साडेतेरा तास, सगळं. चहा ठेवला. मंग म्हणे, “रंगराव, या कागदाइनं मोडलेलं परत कधी जुळते का?” चहा घेतला अन् तिथूनच बीबीची एसटी धरली.

कारभारी मोठा वस्ताद माणूस. त्यानं नवा कागद पाह्यला, जुना कागद पाह्यला, अन् दोन्ही माह्या हातात देले. त्याचं म्हणणं असं का एकाच मशीनचे दोन कागद दोन गोष्टी सांगतात, मी तिसरा मागतला तर तिसरी सांगन. मोतीराम नाना मांडत होते तशी हातानं मांडून आणा. अन् एकानं नाही. दोघांनी, येगयेगळ्या ठिकाणी बसून. दोन कागद जुळले तर शिवरात्रीच्या दिवशी सुपारी फोडतो. नाही तर मोताळ्याचं एक स्थळ आलं आहे, शिवरात्रीनंतर त्याइले हो म्हणतो.

मी मांडली. नानाची माह्यापाशी राह्यलेली पेटी उघडली, त्या सालचं पंचांग काढलं. चार दिवस लागले, जे नाना दोन घटकेत करत. घटी-पळं विसरलो नाही रे, बोटं अजून चालतात. डोळे नाही चालत. पंचांगाचे बारीक आकडे धुक्यात गेल्यासारखे दिसतात, तीनाचा आठ होते. रुखमा भिंग धरून बसली तवा पार पडलं.

आता दुसरा कागद तुह्याकडून पाहिजे. नानाचे शिष्य आपण दोघंच उरलो. जन्माची चिठ्ठी उतरवून यात घातली आहे. मशीनले हात लावू नको. माह्या कागदावर काय निघालं ते मी तुले सांगत नाही, तू बी माहा कागद पाह्यल्याशिवाय मांडून धाड.

शिवरात्र एकवीस तारखेले आहे.

रंगा

◆

पुणे
११ फेब्रुवारी २००१

रंगा,

पहिल्या पानावर पत्रिका आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या सालचं पंचांग मिळालं. तीन रात्री बसलो. सूर्य पहिल्या घरात, मंगळ दुसऱ्यात. तीनदा ताळा केला. पहिलं पान तसंच कारभारींना दाखव.

हे दुसरं पान फक्त तुझ्यासाठी आहे. घरात वाचू नकोस, वावरात नेऊन वाच.

कोकिळेच्या चिठ्ठीवर तू वार लिहिलास आणि खाली लिहिलंस, ‘सूर्य उगवताना, म्हणजे वार हाच’. ते वाचून माझा हात थांबला. तुला माहीत नाही तू काय लिहिलंस.

पासष्ट सालच्या पौषात नानांना ताप होता. तुझी आणि सत्यभामेची पत्रिका आली तेव्हा ते अंथरुणावर होते. मला म्हणाले, तू मांड, मी पाहतो. मी चिखलीच्या हायस्कुलातून सुट्टीला आलो होतो. सत्यभामेच्या आजोबांनी लिहून ठेवलेली चिठ्ठी अजून डोळ्यांपुढे आहे. सोमवार, पहाटे तीन.

आपल्याकडे वार सूर्य उगवल्यावर बदलतो. म्हणजे सोमवारची रात्र सरत आली तेव्हाची पहाट. शाळेतल्या मास्तरांनी नुकतंच शिकवलं होतं की दिवस रात्री बाराला बदलतो. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी सोमवार सुरू होतानाची पहाट धरली. पूर्ण एक दिवस आधी. नक्षत्र एकाने मागे गेलं आणि तुमची एकनाड आली. नानांनी माझी बेरीज-वजाबाकी पाहिली, ती बरोबर होती. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. बरं वाटल्यावर उठून ते तुमच्याकडे सांगायला आले.

चार वर्षांनी पुण्यात खोलीवर एकटा असताना सहज कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कळलं. एकनाड नव्हती. काहीच नव्हतं. तोवर तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, तिचंही. मी गप्प बसलो. नाना गेले तेव्हाही सांगितलं नाही. हा प्रोग्राम मी तुझ्यासाठी लिहिला असं म्हणतो, पण खरं सांगू, मला असं काहीतरी करायचं होतं जे माझ्यासारखं चुकणार नाही. आणि त्यातही तीच चूक केली. वेळ कुठली, दिवस कुठला, हे विचारायचंच राहिलं. आईचं मोडलं, मग मुलीचं मोडलं.

तू शिव्या घाल, पत्र लिहायचं बंद कर, जे वाटेल ते कर. पण आता मला हे एकट्याने धरवत नाही.

इंद्रभान

◆

साखरखेर्डा
२७ फेब्रुवारी २००१

इंद्रभान भाऊजीले रुखमाबाईचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकली. अक्षराले हासू नका. हे बुलडाण्याहून डोळ्याचं ऑपरेशन करून आले. डॉक्टरनं हिरवी पट्टी बांधली अन् महिनाभर वाचाचं नाही, वाकाचं नाही, मशीनपाशी तर बसाचंच नाही म्हनून सांगतलं. म्हनून हे पत्र मी लिहितो.

पहिले चांगली गोष्ट. कारभारी शिवरात्रीले सोता आमच्या घरी आले. ह्याइचा कागद अन् तुमचा कागद बाजूबाजूले ठेवला. पोरासोरासारखे बोट ठेवून एकेक घर पाह्यलं. बाराच्या बारा जुळले. मंग उकंडरावले बोलावलं अन् आमच्याच ओसरीवर सुपारी फुटली. वैशाखात अखजी झाल्यावर चार दिवसानं कोकिळेचं लगन आहे. तुमाले यावंच लागते. सत्यभामाबाई आमच्या चुलीपाशी येऊन रडली. मी तिले पाणी देलं.

आता दुसरी गोष्ट.

तुमचं पत्र आलं तवा हे खाटेवर पट्टी बांधून बसेल होते. म्हने, वाच. मी पहिलं पान वाचलं. दुसरं पान काढलं. तुमी लिहिलं का हे फक्त तुयासाठी, वावरात नेऊन वाच. पन भाऊजी, डोळे तर माहे होते. मी ते मनातल्या मनात वाचलं. हे म्हनत होते, काय झालं, अडली काऊन? मी म्हनलं, भाऊजीचं अक्षर लई बारीक आहे, लागत नाही.

सत्यभामाबाईचं मले लगन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, पान्यावर बायाइनं सांगतलं. मले त्याचं काही वाटलं नाही. मी मनाशी म्हनलं, नक्षत्रानं तिले अडवलं अन् मले इथं आनलं. पस्तीस वर्षं मी हेच धरून बसली. सासूचं ऐकलं तवा हेच, दोन लेकरं गेली तवा हेच, ह्याइनं कधी येड्यासारखं तिच्या घराकडं पाह्यलं तवा बी हेच. आता तुमी सांगता का नक्षत्र नव्हतं, शाळेत शिकेल एक पोरगं होतं.

राग आला. खोटं काऊन बोलू, लई राग आला. दोन दिवस मी कोनाशी धड बोलली नाही. हे म्हने, ऑपरेशन माहं झालं अन् तोंड तुहं काऊन उतरलं? मंग तिसऱ्या दिवशी ह्याइच्या डोळ्यात औषध टाकून राह्यली होती, अन् ह्याइनं माहा हात धरून म्हनलं, रुखमा, तू भिंग धरलं म्हनून त्या पोरीचं लगन जुळलं. तवा माहा राग गेला. कुठी गेला काय मालूम.

ते पान मी ह्याइले वाचून दाखवलं नाही. दाखवनार नाही. तुमाले एकट्यानं धरवत नव्हतं ना, मंग आता आपुन दोघं धरू. पन तिसऱ्याच्या हातात द्याचं नाही. तिच्याही नाही. लगनाले याल तवा तोंडावर काही दिसू देऊ नका, तुमचं तोंड लई पातळ आहे. हे पट्टी सुटल्यावर तुमचं पत्र मांगतील, म्हनून ते दुसरं पान या पाकिटात तुमचं तुमाले परत पाठवलं.

अन् एक. आमची दोघाची पत्रिका नानानं सोता मांडली का ते बी तुमीच मांडली, हे मले कधी सांगू नका. अठ्ठावीस गुन जमले म्हनून सांगतलं होतं. ते अठ्ठावीस मले पुरले.

तुमची वहिनी,
रुखमाबाई